प्रकाश पडेल तिथेच जुळणारे रेणू

दोन रेणू एकमेकांना जोडणे हे रसायनशास्त्रातले जुने आणि किचकट काम. हवा तो पदार्थ तयार होताना नको असलेले दोन-चार सोबत येतात आणि ते बाजूला काढण्यातच प्रयोगशाळेचे दिवस खर्ची पडतात. म्हणून २००१ साली बॅरी शार्पलेस आणि सहकाऱ्यांनी ‘क्लिक केमिस्ट्री’ची मांडणी केली. टिचबटण एका दाबात बसते, तसे रेणू झटपट, खात्रीने आणि फारसा कचरा न करता जुळावेत, हा तिचा आग्रह. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये मॉर्टेन मेल्डाल आणि अमेरिकेत शार्पलेस यांच्या गटांना स्वतंत्रपणे तशी अभिक्रिया सापडली. तांबे उत्प्रेरक म्हणून घातले की अझाइड आणि अल्काइन हे दोन रासायनिक गट चटकन जोडले जातात. तांबे पेशींना घातक असल्यामुळे कॅरोलिन बर्टोझी यांनी त्याच्याविना चालणारी वाट शोधली. २०२२चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना विभागून मिळाले.

पण झटपट जुळणाऱ्या रेणूंना थोपवायचे कसे? एखाद्या पेशीच्या ठरावीक कोपऱ्यात, ठरावीक क्षणीच जोडणी हवी असेल तर? याचे उत्तर प्रकाशात मिळाले. तो हव्या त्या बिंदूवर टाकता येतो आणि हवा तेव्हा बंद करता येतो.

तांब्याचेच पाहा. मोरचुदात तांबे ज्या रूपात असते, त्या रूपात ते ही जोडणी घडवत नाही. त्याला आणखी एक इलेक्ट्रॉन मिळाला, तरच ते कामाला लागते. कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्टोफर बोमन यांच्या गटाने २०११ साली हा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मदतीने पुरवला. मिश्रणातल्या प्रकाशसंवेदी रेणूवर किरण पडले की तो फुटतो, त्याचे तुकडे तांब्याला इलेक्ट्रॉन देतात आणि जोडणी सुरू होते. वर नक्षीचा मुखवटा धरला, तर उजेड पडलेल्या भागातच जोडणी होऊन पदार्थात ती नक्षी उमटते. मात्र जागे झालेले तांबे दिवा विझल्यावरही काही काळ काम करत राहते, आणि पेशींना असलेला त्याचा धोकाही टळत नाही.

तांबे पूर्णपणे टाळणारी एक देखणी युक्ती बफेलो विद्यापीठातील चिंग लिन यांच्या गटाने २००८ साली दाखवली. टेट्राझोल हे चार नायट्रोजन आणि एका कार्बनचे कडे. अतिनील किरण पडताच त्यातले दोन नायट्रोजन वायू होऊन निघून जातात. उरलेला भाग इतका उतावीळ असतो की जवळचा दुहेरी बंध पकडून तो नवे कडे तयार करतो. हे नवे कडे चमकते, त्यामुळे जोडणी झाली की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळते. लिन यांच्या गटाने ई. कोलाय जिवाणूच्या आत, एका प्रथिनावर ही अभिक्रिया घडवून आणली.

थायॉल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचा गट असलेले रेणू, आणि दुहेरी बंध यांची प्रकाशाने होणारी जोडणीही अशीच उपयोगी ठरली आहे. कोलोरॅडोतच क्रिस्टी अॅन्सेथ यांच्या गटाने तिच्या जोरावर पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलमध्ये पेशी वाढवल्या आणि पेशी आत असतानाच ठरावीक जागी नवे रेणू जोडले. आजूबाजूचा परिसर बदलला की पेशी कशा वागतात, हे त्यामुळे एकाच जेलमध्ये, जागच्या जागी तपासता येते. ऊतींच्या दुरुस्तीवर काम करणाऱ्यांना नेमके हेच हवे असते.

अडचण आहे ती प्रकाशाच्या रंगाची. अतिनील किरण डीएनएला इजा करतात आणि ऊतींमध्ये फार खोल शिरत नाहीत. त्यामुळे संशोधक जांभळ्या, निळ्या आणि पुढे लाल प्रकाशावर चालणारे रेणू घडवू लागले आहेत. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेसरने जागी होणारी टेट्राझोल तयारही झाली आहेत. लाल प्रकाश ऊतींमध्ये अधिक खोल जातो, पण त्याच्या प्रत्येक कणाची ऊर्जा कमी. तेवढ्या ऊर्जेत फुटेल आणि अंधारात मात्र स्थिर राहील असा रेणू घडवणे हे आजचे खरे आव्हान आहे. ते जितके पेलेल, तितकी ही जोडणी काचेच्या बशीतून जिवंत शरीराच्या जवळ येईल.