ऐंशीनंतरचे पाठांतर

‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका आपण पाहिली असेल, तर सुनेवर गुरगुरणारे आणि तिच्याच हातच्या जेवणावर जीव असलेले आजोबा आपल्याला आठवत असतील. 2019 साली ती मालिका सुरू झाली, तेव्हा ही भूमिका करणारे आमच्या ठाण्याचे रवी पटवर्धन ऐंशी ओलांडलेले होते.

त्यापूर्वीची त्यांची ओळख भरघोस मिशांचा, करड्या आवाजाचा पाटील अशी. अमेरिकी मालिकांत घोड्यावरचा शेरीफ असतो, तसा आपल्या पडद्यावर पाटील! प्रत्यक्षात हा दरारा रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून उभा राहिला होता. ‘उंबरठा’, ‘अंकुश’, ‘तेजाब’ अशा चित्रपटांतही ते दिसले.

मला वैद्य म्हणून मोलाचा वाटतो तो त्यांचा उत्तरकाळ. रत्नाकर मतकरी यांच्या ‘आरण्यक’ नाटकात त्यांनी सत्तरच्या दशकात धृतराष्ट्र साकारला होता. युद्धानंतर वनात गेलेल्या वृद्धांचे हे नाटक. तीच भूमिका त्यांनी ऐंशीनंतर पुन्हा केली. तरुणपणी वार्धक्य रंगवायचे आणि वार्धक्यात तीच लांबलचक वाक्ये पुन्हा मुखोद्गत करायची, हे सोपे नव्हे. उतारवयात त्यांनी भगवद्गीतेचे 700 श्लोकही पाठ केले होते.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. पाठांतर हे स्मृतिभ्रंशावरील औषध नव्हे. मेंदूला काम मिळणे हितकारक असते, एवढेच म्हणता येईल. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारत असेल, पैशांचा हिशेब चुकवत असेल, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे यांमुळेही विसरभोळेपणा वाढतो. आणि यांतील बहुतेकांवर उपाय आहेत.

माझ्या डोंबिवलीच्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक मुलासोबत आले होते. मी प्रश्न वडिलांना विचारी, उत्तर मुलगा देई. ‘‘बाबांना आता काही आठवत नाही, डॉक्टर.’’ तपासता दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला आढळला, रक्तात बी-12 कमी निघाले. मुलाचा हेतू वाईट नव्हता. वडिलांची दगदग वाचावी म्हणून त्याने बँक, बाजार, वीजबिल सारे स्वतःकडे घेतले होते.

2020 साली करोनाच्या भीतीने शासनाने 65 वर्षांवरील कलाकारांना चित्रीकरणास मनाई केली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. भीती खोटी नव्हती. मीही त्या काळात अनेकांना घरी थांबा असेच सांगत होतो. परंतु घराघरांत, साथ नसतानाही, अशी मनाई लागू असते आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्यास न्यायालय नसते.

पटवर्धन डिसेंबर 2020 मध्ये गेले. मालिकेतले त्यांचे काम त्याच वर्षापर्यंतचे.

त्या शिक्षकांना मी बी-12 ची इंजेक्शने दिली, कान स्वच्छ केले आणि मुलाला वीजबिल भरण्याचे काम वडिलांकडे परत सोपवायला सांगितले. पहिल्या महिन्यात बिल दोनदा भरले गेले. मुलगा तक्रार घेऊन आला. मी म्हटले, ‘‘जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती होईल. काम त्यांच्याकडेच राहू द्या.’’