डोंगराच्या पोटातली भट्टी

डेन्मार्क सपाट देश. स्की खेळायला उतार मिळणे मुश्कील. म्हणून कोपनहेगनने तो बांधून घेतला आणि त्याच्या पोटात कचरा जाळण्याच्या भट्ट्या बसवल्या. आमागर बक्के नावाचा हा प्रकल्प २०१७ साली सुरू झाला. वास्तुरचनाकार ब्यार्के इंगेल्स यांच्या कंपनीने रचलेल्या उतरत्या छपरावर २०१९ पासून लोक खुशाल स्की करतात.

खालचे काम मात्र रांगडे. गाड्या बंकरमध्ये कचरा रिकामा करतात. क्रेनचा पंजा तो उचलून, टाकून, पुन्हा उचलून एकजीव करतो, कारण नुसता ओला ढीग आत गेला की आच मंदावते. दोन भट्ट्या, प्रत्येकी तासाला सुमारे ३५ टन. कचरा हलत्या जाळीवरून जळत पुढे सरकतो, बॉयलरमधली वाफ ४४० अंशांपर्यंत तापते आणि टर्बाइन फिरवते. वीज काढून उरलेली उष्णता शहराखालच्या नळांतून घराघरांत जाते. खरी मेख इथे आहे: नुसत्या विजेसाठी हा खटाटोप फारसा परवडत नाही, थंडीमुळे परवडतो.

पण जळते काय? लाकूड, कागद, खरकटे पुन्हा उगवते. प्लॅस्टिक म्हणजे खनिज तेलच, आणि आच तेच जास्त देते. मोजमाप नसेल तिथे युरोपीय सांख्यिकी घरगुती कचऱ्यातली निम्मी ऊर्जा नूतनीकरणक्षम धरते, निम्मी नाही. ‘हरित वीज’ ही पाटी त्यामुळे अर्धीच खरी.

हीच विद्या दिल्लीतही आली होती. १९८७ साली तिमारपूरला वोलुंड या डॅनिश कंपनीने रोज ३०० टन कचऱ्यावर ३.७५ मेगावॅटचा प्रकल्प उभारला. तो २१ दिवस चालला. दिल्लीचा कचरा ओला आणि मातीने भरलेला. जळण्याजोगे कागद-प्लॅस्टिक कचरावेचकांनी आधीच उचललेले. गंमत म्हणजे आमागरच्या भट्ट्याही वोलुंडच्याच.

आपल्याकडे पिंपरी-चिंचवडच्या मोशीत २०२३ मध्ये १४ मेगावॅटच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. तिथे घरे तापवायची गरज नाही, म्हणजे उरलेली उष्णता विकायची सोय नाही.

भट्टी एकदा बांधली की तिला रोज घास लागतो. डेन्मार्कला स्वतःचा कचरा पुरेना, तेव्हा ब्रिटनसारख्या देशांतून तो आणून जाळला. त्या परक्या प्लॅस्टिकचा धूर डेन्मार्कच्याच कार्बनखात्यात जमा होतो. अखेर २०२० साली तिथल्या राजकीय पक्षांनी करार केला: कचरा जाळण्याची देशाची क्षमता ३० टक्क्यांनी कमी करायची.