वैद्यकसेवा : सरकारी कीं खाजगी?

आजारी माणसाच्या उपचाराचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं साधा वाटतो. ज्याचा आजार त्याचा खर्च, असें एक उत्तर आहे. आणि आजार कोणाच्या हातचा नसतो, म्हणून तो खर्च सर्वांनीं मिळून सोसावा, असें दुसरें उत्तर आहे. या दोन उत्तरांवरून गेल्या शंभर वर्षांत जितकें रण माजलें, तितकें दुसऱ्या कोणत्याही घरगुती प्रश्नावरून क्वचितच माजलें असेल. शिवाय हा वाद कायदेमंडळांत जितका लढला गेला, तितकाच नभोवाणीवरही लढला गेला. तेव्हां त्यांतील दोन्ही बाजू श्रोत्यांनीं नीट पारखून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘वैद्यकाचें समाजीकरण’ या एका नांवाखालीं तीन निराळे प्रश्न एकत्र गुंडाळले जातात. पैसा कोणाचा, हा पहिला प्रश्न. इस्पितळ कोणाच्या मालकीचें, हा दुसरा. आणि डॉक्टर कोणाचा नोकर, हा तिसरा. या तिहींचीं उत्तरें प्रत्येक देशांत सारखीं नाहींत. ब्रिटनमध्यें पैसा मुख्यतः कराचा आणि इस्पितळें बहुतांशीं सरकारी. परंतु घरचा डॉक्टर सामान्यतः सरकारचा नोकर नसून सरकारशीं करार केलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो. कॅनडांत पैसा सरकार देतें, पण डॉक्टर बहुधा स्वतःचा व्यवसाय करतो. जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं घालून दिलेल्या वळणावर आजारपणाचे फंड कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालतात. तेव्हां ‘सरकारी कीं खाजगी’ असें कोणी विचारील, तर त्यास आपण प्रथम उलट विचारावें, कीं महाराज, या तिहींपैकीं आपण कशाविषयीं बोलत आहांत?

आतां ब्रिटनमधील हकीकत पाहूं. तेथें १९११ सालीं लॉइड जॉर्ज यांनीं कामगारांसाठीं सक्तीचा विमा सुरू केला. त्यामुळें कमावत्या कामगारास डॉक्टर मिळूं लागला. परंतु त्याची बायको आणि मुलें या विम्याबाहेर राहिलीं, आणि इस्पितळांतील उपचारांचाही त्यांत सामान्यतः समावेश नव्हता. घरांत पैसा थोडा असला म्हणजे दुखणें अंगावर कोण काढतें, हें आपल्याकडील गृहिणींना सांगावयास नको. वेल्समधील ट्रेडीगर या खाणकामगारांच्या गांवीं मात्र निराळी सोय होती. तेथें कामगार आपल्या मजुरींतून ठराविक वर्गणी देत, आणि त्या पैशांतून डॉक्टर, दाई व औषधें यांचा खर्च चाले. त्याच गांवीं १८९७ सालीं जन्मलेला व तेराव्या वर्षीं खाणींत उतरलेला अन्यूरिन बेव्हन हा १९४५ सालीं मजूर पक्षाच्या सरकारांत आरोग्यमंत्री झाला. त्याचा बाप खाणींतील धुळीनें फुप्फुसें निकामी होऊन १९२५ सालीं वारला होता, आणि त्याबद्दल घरच्यांना कांहीं भरपाई मिळाली नव्हती. बेव्हननें १९४६ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा करून घेतला आणि ५ जुलै १९४८ हा सेवेच्या आरंभाचा दिवस ठरला.

बेव्हनशीं झुंजावयास जो उभा राहिला, तो साऱ्या ब्रिटनच्या घरोघरच्या ओळखीचा होता; अर्थात् चेहऱ्यानें नव्हे, आवाजानें. युद्धकाळांत बी.बी.सी.वरून सकाळच्या वेळीं ‘रेडिओ डॉक्टर’ बोलत असे. पोट साफ कसें ठेवावें, सुकविलेलीं आलुबुखारें कां खावींत, शिळ्यापाक्याचें काय करावें, असले विषय तो भारदस्त पण मिस्किल आवाजांत सांगे. डॉक्टरांनीं स्वतःची जाहिरात करूं नये असा व्यवसायाचा दंडक असल्यामुळें त्याचें नांव उच्चारलें जात नसे. हा डॉक्टर म्हणजे चार्ल्स हिल. आणि १९४४ पासून ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचा तोच चिटणीस होता. ज्या आवाजावर लोकांचा विश्वास बसला होता, तोच आतां मंत्र्याच्या योजनेविरुद्ध डॉक्टरांची बाजू मांडूं लागला.

ही बाजू केवळ स्वार्थाची होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. डॉक्टर म्हणत : आम्ही सरकारचे पगारी नोकर झालों, तर आमची निष्ठा रोग्याशीं राहील कीं मंत्र्याशीं? रोग्यानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट कचेरीच्या कागदांत जाणार नाहीं, याची हमी कोण देणार? रोग्यास आपला डॉक्टर निवडण्याची मुभा राहील काय? आणि जें फुकट मिळतें त्याची कोणी कदर करीत नाहीं. मग किरकोळ तक्रारींच्या गर्दींत खरा आजारी मागें पडणार नाहीं काय? यांत एक आर्थिक भागही होता. त्या काळीं डॉक्टर निवृत्त होतांना आपला चालता धंदा दुसऱ्यास विकत असे, आणि नव्या कायद्यानें ती विक्री बंद होणार होती. फेब्रुवारी १९४८ मध्यें असोसिएशननें मत घेतलें, तेव्हां चाळीस हजारांहून अधिक डॉक्टर विरुद्ध आणि पांच हजारांहूनही कमी अनुकूल निघाले.

तरीही सेवा ठरल्या दिवशीं सुरू झाली. याचें कारण बेव्हन जितका तापट, तितकाच व्यवहारचतुर होता. इस्पितळांतील मोठ्या तज्ज्ञांना त्यानें खाजगी रोगी पाहण्याची आणि सरकारी इस्पितळांत त्यांच्यासाठीं कांहीं खाटा ठेवण्याची मुभा दिली. घरच्या डॉक्टरांना पगाराऐवजीं नांव नोंदविलेल्या रोग्यांच्या संख्येप्रमाणें मोबदला ठरविला, आणि त्यांना पगारी नोकर केलें जाणार नाहीं अशी कायद्याची हमी देऊं केली. धंद्याच्या विक्रीबद्दल भरपाई म्हणून ६ कोटि ६० लाख पौंड राखून ठेवले. मे महिन्यापर्यंत विरोध ओसरला. ४ जुलैच्या रात्रीं पंतप्रधान ॲटली यांनीं नभोवाणीवरून राष्ट्राला या योजनेची माहिती दिली, आणि दुसऱ्या दिवशीं अडीच हजारांहून अधिक इस्पितळें सरकारच्या ताब्यांत गेलीं. हिलसाहेब १९५० सालीं हुजूर पक्षाच्या बाजूनें पार्लमेंटांत निवडून आले, आणि १९६७ सालीं तर ते बी.बी.सी.चेच अध्यक्ष झाले. त्यांनीं विरोधिलेली सेवा मात्र त्यांच्या पक्षानेंही मोडली नाहीं.

सेवा सुरू झाल्यावर काय घडलें? पहिल्या वर्षांत चष्मेच सुमारें ५० लाख वांटले गेले. दुकानांतून अंदाजानें उचललेला स्वस्त चष्मा लावून वर्षें काढलेल्या म्हाताऱ्यांना प्रथमच नीट दिसूं लागलें. वर्षानुवर्षें दुखणीं अंगावर काढलेल्या बाया दवाखान्यांत येऊं लागल्या. लबाडीची गर्दी होईल असें भय होतें. जी गर्दी झाली ती पुष्कळ अंशीं सांचलेल्या दुःखाची होती. परंतु खर्च अंदाजाबाहेर गेला, हेंही तितकेंच खरें. १९५१ सालीं दांतांच्या कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचें ठरलें, आणि त्याच्या निषेधार्थ बेव्हननें मंत्रिपद सोडलें. १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग घेणें सुरू झालें. ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ येथें कळतो. डॉक्टरच्या दारांत पैसे द्यावे लागत नाहींत, एवढाच तो अर्थ. पैसे आधींच कराच्या रूपानें दिलेले असतात.

अटलांटिकपलीकडे हाच वाद निराळ्या वळणानें गेला. अध्यक्ष ट्रूमन यांनीं १९ नोव्हेंबर १९४५ रोजीं अमेरिकेच्या काँग्रेसपुढें राष्ट्रीय आरोग्यविम्याची सूचना मांडली. तींत इस्पितळें ताब्यांत घेण्याची किंवा डॉक्टरांना नोकर करण्याची गोष्टच नव्हती. ती केवळ पैसा गोळा करण्याची योजना होती. तथापि अमेरिकन मेडिकल असोसिएशननें तिला ‘समाजवादी वैद्यक’ हें नांव चिकटविलें. प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर गोळा करून व्हिटेकर आणि बॅक्स्टर या प्रचारतज्ज्ञ दांपत्यास हें काम देण्यांत आलें. ल्यूक फिल्ड्स या इंग्रज चित्रकाराचें, आजारी मुलाशेजारीं रात्र जागणाऱ्या डॉक्टरचें प्रसिद्ध चित्र त्यांनीं देशभर वांटलें, आणि या चित्रांत राजकारण आणूं नका, असा मजकूर त्यावर छापला. १९५० च्या ऑक्टोबरांत एकाच पंधरवड्यांत हजारों वृत्तपत्रांतून आणि हजारांवर नभोवाणी-केंद्रांवरून जाहिरातींचा वर्षाव झाला. ट्रूमन यांची योजना बारगळली. पुढें वृद्धांपुरत्या विम्याचा प्रश्न निघाला, तेव्हां १९६१ सालीं रोनाल्ड रीगन या नटाच्या आवाजांत एक ध्वनिमुद्रिका काढण्यांत आली. आपल्याकडे हळदीकुंकवास बोलवावें, तशा डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीस बोलावीत, ती तबकडी ऐकवीत, आणि मग सर्वजणी मिळून काँग्रेसच्या सभासदांना विरोधाचीं पत्रें लिहीत. तरीही ३० जुलै १९६५ रोजीं पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीं ‘मेडिकेअर’ हा विमा मंजूर झाला, आणि त्याचें पहिलें कार्ड अध्यक्ष जॉन्सन यांनीं वृद्ध ट्रूमन यांच्या हातीं दिलें. रीगन पुढें १९८१ सालीं अध्यक्ष झाले. मेडिकेअर त्यांच्याही कारकीर्दींत चालू राहिलें.

आतां मूळ तत्त्वाकडे वळूं. बाजार लुगड्यांना चालतो, तर तो औषधोपचाराला कां चालूं नये? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालीं याचें मार्मिक विवेचन केलें. लुगडें घेतांना गृहिणी चार दुकानें पाहते, पोत चाचपते, भाव करते, आणि न पटल्यास रिकाम्या हातानें घरीं येते. मध्यरात्रीं छातींत कळ उठलेल्या मनुष्यास यांतील एकही गोष्ट शक्य नसते. आपणांस काय हवें आहे हें त्यास ठाऊक नसतें; तें डॉक्टरच सांगतो, आणि विकतोही तोच.

मग खाजगी विमा घ्यावा, असें कोणी म्हणेल. त्याचें गणित पाहा. शंभर कुटुंबें आहेत, आणि वर्षांत त्यांतील दहा कुटुंबांवर प्रत्येकीं एक लाखाचा आजार येतो असें समजूं. सर्वांनीं प्रत्येकीं दहा हजार रुपये दिले कीं काम भागलें. परंतु धडधाकट अशीं पन्नास कुटुंबें म्हणालीं, आम्हांस विमा नको. तर उरलेल्यांवर वीस हजारांचा बोजा पडतो. तो पाहून आणखी कांहीं निरोगी लोक निघून जातात, आणि हप्ता पुन्हा चढतो. अखेरीस विमा कंपनी आजारी माणसासच दारांतून परत पाठवूं लागते. ज्यास विम्याची गरज अधिक, त्यासच तो मिळेनासा होतो. सक्तीच्या सामायिक वर्गणीचें समर्थन या गणितांत आहे. त्यासाठीं समाजवादी असावें लागत नाहीं.

परंतु यावरून सरकारी व्यवस्था निर्दोष ठरत नाहीं. उपचारांची मागणी नेहमींच साधनांपेक्षां अधिक असते, आणि ती कोठें तरी अडवावीच लागते. खाजगी व्यवस्था ती पैशाच्या थैलीनें अडविते, सरकारी व्यवस्था रांगेनें. इंग्लंडमध्यें २०२३ सालीं इस्पितळांतील उपचारांच्या प्रतीक्षायादींतील नोंदी ७५ लाखांच्या वर गेल्या होत्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं वर्षभर लंगडणाऱ्या म्हातारीस ही रांग म्हणजे आंकडा नव्हे, यातना आहे. दुसऱ्या बाजूस अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें सहावा हिस्सा आरोग्यावर खर्च करते. ब्रिटनचा खर्च नवव्या हिश्शाच्या आसपास आहे. असें असूनही अमेरिकन माणसाचें सरासरी आयुष्य ब्रिटिश माणसापेक्षां कमी भरतें, आणि २०२३ सालीं तेथें सुमारें २ कोटि ६० लाख लोकांजवळ कोणताच आरोग्यविमा नव्हता. रांग सर्वांना दिसते, म्हणून तिची ओरड होते; पैसे नाहींत म्हणून जो दारापर्यंत येतच नाहीं, तो कोणत्याही यादींत नसतो.

आपल्या देशांत हा विचार परदेशांतून उसना आलेला नाहीं. नाशिक येथें जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ सालीं, म्हणजे बेव्हनचा कायदा झाला त्याच वर्षीं, आपला अहवाल दिला. पैसे देतां येत नाहींत म्हणून कोणीही उपचारांवांचून राहूं नये, हें त्याचें सूत्र होतें. खेड्यापाड्यांतील प्राथमिक आरोग्यकेंद्रें ही त्याच अहवालाची देणगी होय. १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. २०१८ पासून ‘आयुष्मान भारत’ योजनेंत पात्र कुटुंबांना वर्षाकांठीं पांच लाखांपर्यंत इस्पितळांतील उपचारांचा खर्च मिळूं लागला. त्यांत पैसा सरकारचा, आणि इस्पितळ सरकारी किंवा खाजगी कोणतेंही असूं शकतें. तथापि राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०२१-२२ सालीं देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं सुमारें ३९ टक्के पैसा लोकांनीं ऐन आजारांत स्वतःच्या खिशांतून दिला. २०१३-१४ सालीं हें प्रमाण ६४ टक्के होतें. सुधारणा झाली, यांत शंका नाहीं. परंतु रोजचीं औषधें, तपासण्या आणि डॉक्टरची फी यांचा भार अजून बहुतांशीं घरावरच आहे. मंगळसूत्र गहाण पडतें तें नेहमीं मोठ्या शस्त्रक्रियेसाठींच असें नव्हे. महिन्यामागून महिने चालणाऱ्या औषधांसाठींही पडतें.

यापुढें या विषयावरील वाद कानीं पडेल, तेव्हां आवाजाच्या भारदस्तपणावर जाऊं नये. ‘स्वातंत्र्य’ आणि ‘समता’ हे दोन्ही शब्द ध्वनिक्षेपकापुढें गोड वाजतात. वक्त्याला तीनच प्रश्न मनांतल्या मनांत विचारावे. आपल्या योजनेंत पैसा कोण आणि केव्हां देणार : आजारापूर्वीं सर्व मिळून, कीं आजारांत एकटा रोगी? उपचार अपुरे पडतील तेव्हां कोणास आणि कशानें थांबविणार : थैलीनें कीं रांगेनें? आणि त्या रांगेंत किंवा त्या थैलीअभावीं जो मागें राहील, त्याची दाद कोणाकडे? या तीन प्रश्नांना जो सरळ उत्तर देईल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें. जो त्यांना बगल देईल, त्याच्या आवाजाची तारीफ करून आपण खुशाल यंत्र बंद करावें.