नाचणी, चिखल आणि रक्त

"बाई, तुमच्या अंगात रक्त कमी आहे. नाचणी खात जा, पालेभाजी खात जा." भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात दवाखान्याची पायरी चढलेल्या बहुतेक बायांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. बाई मान हलवते, लाल गोळ्यांची पुडी पदरात बांधते आणि वाटेला लागते. वाटेत तिच्या मनात काय येत असेल? जन्मापासून ती नाचणीच खात आली. तिच्या आईने नाचणीच खाल्ली, आजीने तर नाचणी जात्यावर दळून खाल्ली. मग हे रक्त गेले कुठे?

हा प्रश्न अडाणी नाही. शास्त्राला विचारावा असाच तो आहे. दुर्दैवाने त्याचे उत्तर तिला कोणी देत नाही. उलट सल्ल्याच्या आडून तिलाच दोष दिला जातो. तुला खायचे कळत नाही, म्हणून तू अशक्त आहेस, असा त्या सल्ल्याचा अर्थ होतो. हा आरोप खरा आहे काय, हे आपण तपासून पाहावयास हवे.

आधी नाचणीपासून सुरुवात करू. सह्याद्रीच्या या उतारावर पाऊस धो धो पडतो आणि माती वाहून जाते. खाचरात भात होतो. पण खाचर सर्वांच्या वाट्याला येत नाही. ज्याच्याकडे केवळ वरकस आहे तो नाचणी आणि वरई लावतो. त्यातही खोऱ्यांच्या तळाची बरीचशी सुपीक जमीन धरणांनी घेतली. भोरजवळ वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२०च्या दशकात पुरे झाले. वेल्ह्याच्या बाजूला, म्हणजे ज्याला आता शासनदप्तरी राजगड तालुका म्हणतात तिकडे, आंबी नदीवर पानशेत झाले. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून पूर्वेकडच्या उसाला गेले, पानशेतचे पुणे शहराकडे. डोंगरातल्या माणसाकडे उतार उरला आणि उतारावरची नाचणी उरली.

आपल्या समाजव्यवस्थेने जशी माणसांची उतरंड रचली, तशीच धान्यांचीही रचली. तांदूळ आणि गहू वर, नाचणी खाली. पाहुणा आला की भात रांधायचा आणि नाचणीची काळी भाकरी टोपल्यात झाकून ठेवायची, हे आपण आपल्याच घरांत पाहिले आहे. हलक्या माणसाचे हलके अन्न, अशी ही समजूत होती. पुढे शहराला नाचणीचा शोध लागला. केंद्र शासनाने २०१८ साली तिला पोषक धान्यांत बसवले, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि 'श्री अन्न' असे भारदस्त नाव तिला मिळाले. धान्याची जात बदलली. पिकवणाऱ्याची बदलली काय?

असो. नाचणीत खरोखर काय आहे ते पाहू. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे चुना असतो. तेवढ्याच सडलेल्या तांदळात तो दहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतो, आणि गाईच्या दुधात नाचणीच्या साधारण एकतृतीयांश. दिवसाला तीन भाकऱ्या, म्हणजे तीनशे ग्रॅम पीठ पोटात गेले, तर हजार मिलिग्रॅमच्या घरात चुना जातो, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज तेवढीच सांगितली आहे. त्यातला सगळा अंगी लागत नाही, तरीही ज्या घरात दूध विकायला जाते आणि प्यायला उरत नाही, त्या घराची हाडे नाचणीने राखली असे म्हणता येईल. ज्या धान्याला हलके म्हटले, ते या बाबतीत तांदूळ-गव्हाहून कितीतरी वरचढ आहे.

मात्र हाड वेगळे आणि रक्त वेगळे. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसातला प्राणवायू उचलून हातापायांपर्यंत पोचवणे हे त्याचे काम, आणि ते बनायला लोह लागते. बाईच्या रक्तात हे द्रव्य शंभर मिलिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली गेले की तिला पंडुरोग आहे असे धरतात. मग चढ चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि लावणीच्या ओळीत बाई मागे पडते. मुकादम म्हणतो, कामचुकार आहे. वस्तुतः तिच्या स्नायूंना प्राणवायूच पुरत नसतो.

हे दुखणे दोनचार बायांचे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. निम्म्याहून अधिक बायांना खायचे कळत नाही, असे म्हणायचे काय?

आता हिशेब मांडू. भारतीय आहारशास्त्रज्ञांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असते. तीन भाकऱ्यांतून तेरा-चौदा मिलिग्रॅम मिळते, म्हणजे निम्मी गरज. शिवाय धान्यातले आणि भाजीतले लोह अंगी फार थोडे लागते. शंभरातले पाच-दहा भाग लागले तरी पुष्कळ. कारण धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते, नाचणीच्या तांबड्या सालीत तुरट द्रव्ये असतात, आणि ही दोन्ही लोहाला धरून ठेवतात. नाचणीतला चुनासुद्धा लोहाच्या वाटेत आडवा येतो. तेव्हा 'नाचणी खा, रक्त वाढेल' हे अर्धसत्य आहे. नाचणी हाडांची सोबतीण. रक्ताचे सारे ओझे तिच्या एकटीवर टाकणे बरोबर नाही.

मांस, मासळी यांतले लोह मात्र शरीर सहज शोषून घेते. इथे आपल्या इतिहासातल्या एका अवघड जागेला हात घालणे भाग आहे. येसकराची पाळी, घरोघर पाटी घेऊन मागितलेली भाकरी, मेलेले ढोर ओढणे आणि त्याच्या मांसाच्या वाळवलेल्या चान्या हे आपल्या वाडवडिलांचे अन्न होते. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. त्या महाडच्या परिषदेत मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सांगितले की उष्टे-शिळे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा. माणसांनी ते सोडले. पोटाला चिमटा घेऊन सोडले.

हा निर्णय स्वाभिमानाचा होता हे आपण नेहमी सांगतो. तो आरोग्याच्या दृष्टीनेही योग्यच होता, हे कमी सांगतो. काळपुळीच्या रोगाने मेलेल्या जनावराच्या मांसात त्या रोगाचे बीज दडून राहते आणि उन्हात वाळवल्याने ते मरत नाही. तथापि हिशेबाची दुसरी बाजूही लपवू नये. त्या चान्यांत प्रथिने होती, अंगी लागणारे लोह होते. समाजाने अपमान नाकारला. पण ताटात जी जागा रिकामी झाली ती भरून देण्याची जबाबदारी कोणी घेतली? जमीन मिळाली नाही, मजुरी वाढली नाही, दूध-अंडी परवडली नाहीत. पुढे मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली आणि गरिबाच्या आवाक्यातले मांस आणखी दूर गेले. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ येतो. त्याने पोट भरते, रक्त भरत नाही.

अन्नाची बाजू अशी आहे. आता चिखलाकडे वळू, कारण रक्त केवळ कमी बनते असे नाही, ते बाहेरही जाते.

अंकुशकृमी नावाचा एक बारीक जंत आहे. तो असलेला माणूस उघड्यावर शौचाला बसला की विष्ठेतून त्याची अंडी मातीत पडतात. माती ओलसर, उबदार आणि सावलीची असली की अंड्यांतून अळ्या निघतात. डोंगरातल्या पावसाळ्यात बांधाची कड, झाडोऱ्याखालची वाट, पाणंद ही सगळी त्यांच्या सोयीची ठिकाणे. अनवाणी पाय पडला की अळी तळव्याच्या कातडीतून आत शिरते. काही दिवस तिथे खाज सुटते, आणि आपण तिला चिखल्यांतच जमा धरतो. अळी रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते, गिळली जाते आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पिऊ लागते. एक जंत दिवसाला थेंबाचा काही भागच पितो. पण असे शेकडो जंत वर्षानुवर्षे आतड्याला लटकून राहिले तर? वर ओतायचे आणि खाली भोक ठेवायचे, अशी त्या घागरीची गत होते.

यावर उपाय काय? पायात वहाण आणि गावात वापरता येईल असा संडास. किती साधी गोष्ट! पण ज्यांच्या आज्याला चावडीपुढून जाताना वहाणा काढून हातात धराव्या लागत, त्यांना ती साधी वाटणार नाही. अनवाणी पाय ही आमची सवय नव्हती, आमच्यावर लादलेली शिस्त होती. तिची किंमत रक्ताने मोजली गेली, हे अलंकारिक विधान नव्हे. ते शरीरशास्त्रातले सत्य आहे. संडासाचे तसेच. चार भिंती बांधल्या आणि पाणी मैलभर लांबून डोक्यावर आणावे लागले, तर तिथे सरपण साठवले जाणार. जंतांच्या गोळीची राष्ट्रीय मोहीम २०१५ पासून वर्षातून दोनदा होते, ती चांगलीच आहे. परंतु ती १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. चिखलात राबणाऱ्या त्यांच्या आयांनी स्वतः मागितल्याशिवाय ती गोळी त्यांच्या हातात सहसा पडत नाही.

तिसरी वाट बाईपणाची. मासिक पाळीत रक्त जाते, बाळंतपणात जाते, आणि पोटातले मूल आईच्या साठ्यातून लोह ओढून घेते. अशा वेळी खाणे वाढले पाहिजे आणि काम कमी झाले पाहिजे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. १९२९ साली कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बायांसाठी. लावणीच्या खाचरात वाकलेल्या बाईला भरपगारी रजा कोण देणार? तिचा सातवा महिना आषाढात आला तर आषाढ तिच्यासाठी थांबत नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. तिचे रक्त चुलीपाशी हरवलेले नाही. ते धरणाखाली गेलेल्या खाचरात, रिकाम्या राहिलेल्या ताटात, अनवाणी तळव्यांत आणि न मिळालेल्या विश्रांतीत गेले आहे. तिचे अज्ञान हे या यादीत फार खालचे कारण आहे.

परंतु म्हणून क्रांती होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? तसे म्हणणारा कार्यकर्ता बाईच्या उपयोगाचा नाही. जे ज्ञान आज हाताशी आहे ते घरोघर पोचवले पाहिजे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की लोहाला धरून ठेवणारे आम्ल कमी होते. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतही तेच घडते. आपल्या आज्यांनी प्रयोगशाळा न पाहता हे शास्त्र राबवले. जेवताना लिंबू पिळले किंवा कच्चा आवळा खाल्ला की त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाकरीतले लोह अधिक अंगी लागते. भाकरीबरोबर कोरा चहा घेतला की उलटे होते. तो तास-दोन तासांनी घ्यावा. आंबट कालवण लोखंडी कढईत केले तर थोडे लोह त्यातही उतरते. जमेल तेव्हा अंडे, सुकट, ओढ्यातले खेकडे ताटात यावेत, आणि ते आधी बाईच्या ताटात यावेत. लाल गोळीने शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून बाया ती उकिरड्यावर टाकतात. काळेपणा घातक नाही, गोळी चहाबरोबर घेऊ नये, गरोदरपणी ती १८० दिवस घ्यायची असते, एवढे जरी कोणी शेजारी बसून सांगितले तरी पुष्कळ गोळ्या पोटात जातील.

शेजारी बसून, हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी बायांच्या शेजारी बसून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि त्या संग्रहात पुढे एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. जिला अडाणी म्हणून वरून उपदेश केला जातो, तिच्याजवळ आपल्या कष्टाचा केवढा विचार आहे, हे त्या कामाने दाखवून दिले. आरोग्याचे शिक्षणही असेच व्हावयास हवे. शिक्षकांनी वर्गात अंकुशकृमीचे जीवनचक्र फळ्यावर काढावे, पण त्याच तासाला गावात वहाणा कोणाच्या पायात नाहीत, नळ कोणत्या आळीपर्यंत येऊन थांबला, हेही मुलांना मोजायला लावावे. विद्यार्थ्यांनी रक्ततपासणीचा आकडा बाईला समजेल अशा शब्दांत सांगावा. आणि कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत नाचणीचे गुणगान न गाता रेशनवर नाचणी आणि कडधान्य, अंगणवाडीत अंडे, आळीत पाणी आणि लावणीच्या मजुरणीला जंताची गोळी, या मागण्या मांडाव्यात.

पुढच्या वेळी दवाखान्यात तेच वाक्य ऐकू आले तर त्या बाईने मान हलवून निघून येऊ नये. तिने विचारावे, "नाचणी तर मी रोज खाते, डॉक्टर. माझ्या पोटातले जंत तपासलेत का?" एवढा एक प्रश्न तिच्या ओठांवर आला, तरी विज्ञान आपल्या वस्तीत पोचले असे समजावे.