रिव्हॉल्व्हरच्या पोटातलं कुलूप

किल्लारीतल्या कुणाला रिव्हॉल्व्हरचा परवाना हवा असेल, तर अर्ज लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. 2016च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार घरी सुरक्षित ठेवण्याची हमीही लिहून द्यावी लागते. म्हणजे आपल्याकडे कुलूप कपाटाला. अमेरिकेत मात्र ते हत्यारातच घातलं गेलं.

स्मिथ अँड वेसन कंपनीने 2001 नंतर आपल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये असं कुलूप बसवलं. डाव्या बाजूला, चक्र उघडायच्या खटक्याच्या वर, बारीक भोक. त्यात किल्ली फिरवली की आतली पट्टी घोडा अडवते. मग चाप कितीही ओढा, गोळी सुटत नाही.

बंदूकधारी मंडळी यावर आजही भांडतात. हलक्या रिव्हॉल्व्हरमधून जोरदार काडतूस उडवलं, की धक्क्याने कुलूप आपोआप लागेल आणि ऐन वेळी हत्यार दगा देईल, ही मुख्य भीती. असं क्वचित घडल्याचं सांगितलं जातं. बहुतेकांना कधीच अनुभव येत नाही. काहींचा राग त्या भोकावरच, देखणं हत्यार विद्रूप केलं म्हणून! ते कुलूप नसलेली जुनी रिव्हॉल्व्हर शोधत फिरतात. घरात लहान मुलं असणाऱ्यांना मात्र हीच सोय पटते. मला त्यांचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं, पण एका अटीवर: किल्ली रिव्हॉल्व्हरशेजारीच खणात ठेवायची नाही. आणि घरफोडी झाली तर हे कुलूप काहीच कामाचं नाही. चोर अख्खं हत्यारच उचलून नेतो. त्यासाठी भिंतीत पक्की केलेली तिजोरीच हवी.