पगार तोच, 'पाक' जास्त! म्हैसूर व्हर्सेस पुणे-बंगळुरू

४१ लाख ४७ हजार ९१३ रुपये. ओळखा पाहू, कशाची किंमत? बाणेरचा वन-बीएचके? चूक! हा आहे म्हैसूरच्या राजवाड्याचा बांधकाम खर्च. १८९७ मध्ये जुना लाकडी वाडा जळाला, हेन्री आयर्विनने नवा आराखडा काढला आणि १९१२ मध्ये आजचा राजवाडा उभा राहिला. आज तेवढ्याच आकड्यात हिंजवडीत ऐसपैस टू-बीएचके मिळवून दाखवा!

आज आपला विषय हाच. नोकरी कुठे, पगार किती आणि महिनाअखेर हातात उरतं काय? पुणे, बंगळुरू आणि मधल्या मध्ये भाव खाऊन जाणारं म्हैसूर. रेडी? लॉग इन करा!

दिवाण-घेवाण!

इन्फोसिसचा जन्म कुठला, माहीत आहे का? बंगळुरू म्हणालात तर एक मार्क कट. १९८१, पुणे! सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये हे भांडवल. १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूला गेली. आणि नारायण मूर्ती इंजिनिअर झाले ते म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमधून, १९६७ साली.

आता उलट बाजू. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले पुण्यात. मुंबई इलाख्यात नोकरी केली, १९०३ मध्ये खडकवासल्याला आपले स्वयंचलित दरवाजे बसवले आणि १९१२ मध्ये म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. म्हैसूरने शिकवलेला माणूस पुण्यात कंपनी काढतो, पुण्याने शिकवलेला म्हैसूरचा कारभार बघतो. याला देवाणघेवाण नाही, दिवाण-घेवाण म्हणतात!

हेब्बाळ नंबर दोन

'हेब्बाळ' म्हटलं की बंगळुरूच्या फ्लायओव्हरवरची गाड्यांची रांग आठवते ना? माहीत आहे का, म्हैसूरलाही एक हेब्बाळ आहे! तिथेही इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. इन्फोसिसचा तीनशे एकरांहून मोठा कॅम्पस याच हेब्बाळात. पार्सल मागवताना शहराचं नाव ठळक लिहा, बरं का.

या कॅम्पसमधलं ग्लोबल एज्युकेशन सेंटर जगातल्या सर्वांत मोठ्या कॉर्पोरेट प्रशिक्षण केंद्रांपैकी एक. दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन सोनिया गांधींच्या हस्ते १५ सप्टेंबर २००९ रोजी झालं. एका वेळी जवळपास १४ हजार मुलंमुली इथे राहून शिकू शकतात. ग्रीक-रोमन थाटाचे खांब, घुमटाकार मल्टिप्लेक्स, बोलिंग आणि वर्गातून वर्गात जायला सायकली! सांगली, अकोला, जळगावच्या कितीतरी पोरापोरींनी घराबाहेरचा पहिला महिना इथेच काढला आहे.

डब्ल्यूएफएच म्हणजे काय?

वर्क फ्रॉम होम? ३१ डिसेंबर २०२४ ला म्हैसूरमध्ये त्याचा फुल फॉर्म होता 'वाघ फिरतोय, हो!' इन्फोसिसच्या कॅम्पसमध्ये बिबट्या दिसला, वनखातं शोधाला लागलं आणि कर्मचाऱ्यांना घरूनच काम करायला सांगितलं. थर्टी फर्स्टला याहून हटके सुट्टीचं कारण कुणाकडे असेल तर हात वर!

जरा सीरियस

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कॅम्पसमधून तीनशेहून अधिक ट्रेनींना बाहेर पडावं लागलं. अंतर्गत परीक्षेत तीन संधींनंतरही उत्तीर्ण न झाल्याचं कारण कंपनीने दिलं. श्रम मंत्रालयाकडे तक्रार नेली ती 'नाइट्स' या पुण्याच्या आयटी कर्मचारी संघटनेने. ऑफर लेटर म्हणजे कन्फर्मेशन नव्हे, हे पहिल्या नोकरीला निघालेल्या प्रत्येक मुलाच्या घरात आधी नीट बोललं गेलं पाहिजे. लेटरमधला प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा भाग आई-बाबांनीही वाचावा. मनापासून सांगतोय.

सरकारचं कॅल्क्युलेटर

कुठलं शहर किती महाग? मित्रांना विचाराल तर दहा उत्तरं मिळतील. पण केंद्र सरकारकडे याचं अधिकृत उत्तर आहे, माहीत आहे का? घरभाड्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन गट आहेत. पुणे, मुंबई, बंगळुरू एक्समध्ये. म्हैसूर वायमध्ये. आणि म्हैसूरच्या बाकावर शेजारी कोण? नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव!

जानेवारी २०२४ पासून एक्सला मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडे भत्ता आणि वायला २० टक्के. सातव्या वेतन आयोगातली लेव्हल ७ घ्या, मूळ पगार ४४,९००. पुण्यात भत्ता १३,४७०, म्हैसूरमध्ये ८,९८०. फरक महिन्याला ४,४९० रुपये. म्हणजे पुण्यात राहायला दरमहा एवढे जास्त लागतात, हे सरकारच कबूल करतं.

आता गंमत. खासगी आयटी कंपनीत असं नसतं! मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज शहर बघून बदलत नाही. साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळणारा वर्षाचा आकडा बंगळुरूला तोच, पुण्याला तोच, नागपूरच्या मिहानमध्येही तोच. घरमालक मात्र शहर बघूनच भाडं सांगतो. म्हैसूरचा फ्रेशर इथेच बाजी मारतो. पगार सेम, भाडं कमी, शिल्लक गोड!

आणखी एक? वर्षानुवर्षे घरभाडे भत्त्यावरच्या (एचआरए) प्राप्तिकर सवलतीत ५० टक्क्यांचा मान फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला होता. पुणे, बंगळुरू आणि म्हैसूर तिघांना तेव्हा सरसकट ४० टक्के. घरभाडं मेट्रोचं, सवलत गावाची!

भाडं शून्य, डिपॉझिट डोंगराएवढं

बंगळुरूची दहा महिन्यांची डिपॉझिटं ऐकून पुणेकर गार पडतात. पण कर्नाटकातला खरा भन्नाट प्रकार वेगळाच, माहीत आहे का? त्याला 'लीज' किंवा 'भोग्य' म्हणतात. घरमालकाला एकदम काही लाख द्यायचे. मग दोन-तीन वर्षं महिन्याचं भाडं शून्य! मुदत संपली की सगळी रक्कम परत, बिनव्याजी. भाडं म्हणजे तुमचं बुडालेलं व्याज. म्हैसूरच्या गल्ल्यांतून फिरताना 'टू-लेट'शेजारी या पाट्याही दिसतात.

जगात असा प्रकार आणखी कुठे गाजतो? थेट दक्षिण कोरियात! तिथे त्याला 'जॉन्से' म्हणतात. म्हैसूर आणि सोल, एकाच हिशोबात. पण सावध! आधी घरावर बँकेचं कर्ज नाही ना, हे तपासा आणि करार रजिस्टर करून घ्या. मालक अडचणीत आला तर तुमचे लाखो रुपये अडकतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, ती शिस्त सोबत घेऊन जा.

महिन्याचा एक दिवस गायब!

टॉमटॉमच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्समध्ये जगातल्या सर्वांत संथ शहरांत दुसरं कोलकाता, तिसरं बंगळुरू आणि चौथं? आपलं पुणं! लंडनलाही मागे टाकलं. दहा किलोमीटरला बंगळुरूत सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद, पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद.

ऑफिस दहा किलोमीटरवर, महिन्याला २२ दिवस येणं-जाणं. करा हिशोब. पुणेकराचे साधारण साडेचोवीस तास! महिन्यातला एक अख्खा दिवस, रात्रीसकट, क्लच-ब्रेक करण्यात गेला. म्हैसूर आटोपशीर आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, पुण्याची एकतीस लाखांवर. माझ्या मते म्हैसूरचा सर्वांत मोठा भत्ता हाच. तो पे-स्लिपवर छापून येत नाही, पण संध्याकाळी सातला घरी पोरांसोबत जेवायला बसलं की कळतो.

पुणं आणि म्हैसूर, जुने जुळे

'पेन्शनरांचं गाव' म्हणजे? पुणेकर छाती पुढे काढतील. पण म्हैसूरचीही हीच ख्याती! सायकलींचं शहर? तेही पुणं. आणि २०१७ मध्ये 'ट्रिन ट्रिन' ही सार्वजनिक सायकल योजना सुरू करून देशात अगदी पहिल्या काहींत नंबर लावला तो म्हैसूरने. स्वच्छ शहरांच्या केंद्राच्या क्रमवारीत २०१५ आणि २०१६, लागोपाठ दोनदा अव्वल कोण? म्हैसूरच.

बिल इथेही, बिल तिथेही

जून २०२३ पासून कर्नाटकात रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट. म्हैसूरला नव्याने गेलेल्या ताईंनो, पत्ता कर्नाटकचा असलेलं ओळखपत्र लागतं!

वीज? 'गृहज्योती'मध्ये सरासरी वापराच्या मर्यादेत महिन्याला २०० युनिटपर्यंत बिल शून्य, भाडेकरूंनाही. दूध? १ एप्रिल २०२५ ला चार रुपयांनी महागूनही नंदिनीचं टोन्ड दूध लिटरला ४६ रुपये होतं. पुण्यात पिशवी कधीच पन्नाशीपार.

पण गाडी नेणार असाल तर थांबा! कर्नाटकचा रोड टॅक्स देशातल्या सर्वांत तगड्यांपैकी. वीस लाखांवरच्या गाडीला १८ टक्के. एमएच पाटी घेऊन बारा महिन्यांहून जास्त राहिलात तर नंबर बदलणं आलंच. चार किंवा त्याहून अधिक राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपनीत आहात? मग 'बीएच' सिरीजची चौकशी करा, २०२१ मध्ये बदलीवाल्यांसाठीच ती आली.

तुमचा पगार छापतो कोण?

पैसे झाडाला लागत नाहीत, ते म्हैसूरला लागतात! देशात नोटा छापणारे चार छापखाने आहेत: नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. नाशिकचा १९२८ पासूनचा, म्हैसूरचा १९९६ पासूनचा. आणि मतदानाला बोटावर लागणारी शाई? तीही म्हैसूर पेंट्सची, १९६२ च्या निवडणुकीपासून. नोट आणि व्होट, दोन्ही एकाच गावात!

मग माशी शिंकते कुठे?

नोकरी बदलताना. म्हैसूरमध्ये इन्फोसिस आहे, विप्रो आहे, एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस आहे. इथेच मुख्यालय असलेली एक्सेलसॉफ्ट २०२५ मध्ये शेअर बाजारात आली, इलेक्ट्रॉनिक्सवाली केन्स २०२२ मध्ये. यादी छान, पण आखूड. पाच वर्षांच्या अनुभवावर उडी मारायची आणि नवराबायको दोघंही आयटीत, तर दोन चांगल्या नोकऱ्या एकाच वेळी मिळणं इथे कठीण.

पुण्याची मुळं त्या बाबतीत खोल आहेत. १९८८ ला सी-डॅक, १९९१ ला त्यांचा परम ८००० सुपरकॉम्प्युटर, १९९० ला पर्सिस्टंट ही कंपनी. आणि माहीत आहे का? १९९० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या तीन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांत पुणं होतं, सोबत बंगळुरू आणि भुवनेश्वर. गाड्यांचे कारखाने असल्याने वाहनांचं सॉफ्टवेअरही इथेच जोरात.

म्हैसूरची यादी आखूड आहे, हे कर्नाटक सरकारलाही माहीत आहे. म्हणून 'बियाँड बंगळुरू' मोहीम. त्यात म्हैसूर, मंगळुरू आणि हुबळी-धारवाड-बेळगाव हे पट्टे निवडलेत. बेळगावच्या मराठी पोरांनी इकडे बारीक लक्ष ठेवावं.

तोवर म्हैसूरवाल्यांचा जुगाड म्हणजे बंगळुरूला जाणारा एक्स्प्रेस-वे. १२ मार्च २०२३ ला खुला झाला, सुमारे ११८ किलोमीटर, तीन तासांचा प्रवास दीडच्या आत. फक्त बाइक मुख्य लेनवर नेऊ नका, ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे.

वीकेंड, मराठी स्टाइल

म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये हातात समई धरलेल्या बाईचं चित्र आहे. गाइड नसेल तर बरेच जण 'रविवर्मा!' म्हणून मोकळे होतात. ते काढलंय सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी, आणि समोर उभी होती त्यांची मुलगी गीता! चित्रासमोर उभं राहून सोबतच्या कलिगला हे जरूर ऐकवा.

आणि घरची आठवण आली तर? म्हैसूरहून गोलघुमट एक्स्प्रेस थेट पंढरपूरला जाते! दादर, पुणे, मिरजकरांसाठी शरावती एक्स्प्रेस.

निकाल ऐका

पहिली नोकरी असेल, खर्च कमी ठेवून शिकायचं असेल तर म्हैसूर. करिअरमध्ये दोन-तीन झेपा घ्यायच्या असतील तर पुणे किंवा बंगळुरू. मुलं लहान असतील आणि कंपनी रिमोट काम देत असेल तर पुन्हा म्हैसूर, किंवा त्याच बाकावरचं नागपूर, नाशिक, कोल्हापूर. पुढच्या इंटरव्ह्यूत एचआरला पॅकेजआधी बेस लोकेशन विचारा, आणि होकार देण्याआधी त्या शहराचं भाडं आणि रस्त्यातले तास कागदावर वजा करून बघा. दसऱ्याला म्हैसूर बघायला जाणार असाल तर शरावतीचं रिझर्व्हेशन आजच करून टाका, कारण ती आठवड्यातून एकदाच धावते!