ऊस नसलेला मतदारसंघ

कोल्हापूर जिल्ह्यातली निवडणूक समजून घ्यायची तर आधी कारखान्याचे सभासद मोजावेत, मग दूध संस्थांचे ठराव कुणाच्या खिशात आहेत ते बघावं आणि वेळ उरलाच तर मतदारयादी चाळावी. कागलचंच घ्या. घाटग्यांचा शाहू, मंडलिकांचा हमीदवाडा, मुश्रीफांचा संताजी घोरपडे. तीन गट, तीन कारखाने. तिथला माणूस पक्ष सांगत नाही, गट सांगतो, आणि त्या गटाची मुळं उसाच्या सरीत असतात.

या जिल्ह्याच्या मधोमध मतदारसंघ क्रमांक २७६, कोल्हापूर उत्तर. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, महाद्वार रोड, गंगावेश आणि पंचगंगेच्या बाजूला कसबा बावडा. गंमत म्हणजे छत्रपती राजाराम साखर कारखाना याच बावड्यात उभा आहे. पण त्याचे सभासद कितीतरी तालुक्यांच्या गावोगावी विखुरलेले. कारखान्याची निवडणूक महाडिक आणि सतेज पाटील या दोन घराण्यांत प्राणपणाने लढली जाते, धूर मात्र शहरावरून जातो. शहरातल्या सराफाचं, रिक्षावाल्याचं, वर्कशॉपमधल्या फिटरचं ऊसबिल कुणी अडवू शकत नाही. जिल्हाभर चालणारी जोडणी इथं लागू पडत नाही ती यामुळे, आणि या जागेचा सगळा लहरी इतिहास मला तरी याच गोष्टीतून उलगडतो.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीची दहा वर्षं माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि प्रजापरिषदेने गाजवलेली. त्यामुळे मतपेटी आली तेव्हा राजकारण या गावाला नवीन नव्हतं. १९५२च्या पहिल्या लोकसभेला राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर अपक्ष निवडून आले. १९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेकापचे भाऊसाहेब महागावकर खासदार झाले. शेतकरी कामगार पक्षाच्या नावात शेतकरी पहिला, पण कोल्हापुरात त्याचा आवाज घुमला तो बिंदू चौकात, शहरी माणसांपुढे. त्र्यंबक सीताराम कारखानीस हे याच मुशीतले आमदार.

या परंपरेचं शेवटचं मोठं नाव म्हणजे एन. डी. पाटील. गाव सांगली जिल्ह्यातलं ढवळी, पुलोदच्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री राहिलेले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. ती ओसरण्याआधीच १९८५च्या विधानसभेला कोल्हापूर शहराने या लाल बावट्याच्या माणसाला निवडून दिलं. आणि पाचच वर्षांनी, १९९०ला, त्याच शहराने शिवसेनेचे दिलीप देसाई विधानसभेत पाठवले. पुढे १९९५ आणि १९९९ला सेनेचेच सुरेश साळोखे.

पुण्यामुंबईच्या विश्लेषकांना इथं ठेच लागते. ‘पुरोगामी कोल्हापूर’ उजवीकडे वळलं, असं लिहून ते मोकळे होतात. पेठेत मात्र माणसं फारशी बदललीच नव्हती. ज्या कट्ट्यावर शेकापची सभा ठरायची, त्याच कट्ट्यावर सेनेची शाखा निघाली. काँग्रेस म्हणजे कारखानदार, बँकवाले, बंगल्यातली माणसं. त्यांच्याशी दोन हात करणारा आपला, मग झेंडा लाल असो की भगवा. वैचारिक प्रवास वगैरे फार थोड्यांचा झाला असावा. स्वतः बाळासाहेब ठाकरे अंबाबाईचं दर्शन घेऊन इथून प्रचाराचा नारळ फोडायचे, पण लोकसभेला सेनेचा खासदार देईपर्यंत कोल्हापूरने २०१९ उजाडवलं. आमदार दिला म्हणून खासदारही देऊ, असला हिशेब या गावाला मान्य नाही.

कारखान्याची जागा शहरात तालमीने घेतली आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं बाहेरच्याला फुटबॉल संघांची वाटतील. ती आहेतच, पण गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, रात्री बारा वाजता दवाखान्यात न्यायची गाडी आणि निवडणुकीतलं बूथ या सगळ्याचं एकच खातं तिथं असतं. शाहू स्टेडियमवर ज्या ईर्षेने सामना बघितला जातो, त्याच ईर्षेने मतदान होतं. तालमीला दरमहा दिसणारा माणूस लागतो. मोठा असून न दिसणारा माणूस तिथं चालत नाही.

राजघराण्यालाही या नियमातून सूट मिळाली नाही. राजर्षी शाहू महाराजांविषयीची भक्ती इथं खरीखुरी आहे, पण भक्ती आणि मत यांची खाती वेगळी. २००४ला मालोजीराजे छत्रपती आमदार झाले. २००९ला लोकसभेला त्यांचे बंधू संभाजीराजे राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि अपक्ष सदाशिवराव मंडलिकांकडून हरले; काही महिन्यांनी विधानसभेला मालोजीराजेही शिवसेनेच्या राजेश क्षीरसागरांपुढे पडले. एका वर्षात राजवाड्याचे दोन पराभव! याउलट २०२४ला शाहू छत्रपती लोकसभेला उभे राहिले, त्यांच्या दत्तक असण्यावर प्रतिस्पर्धी संजय मंडलिकांनी बोट ठेवलं, आणि शहर खवळून उठलं. दीड लाखाहून अधिक मतांनी महाराज निवडून आले. मंडलिकांना नडलं ते बोट ठेवणं, असं माझं मत.

क्षीरसागर पेठेतल्या राजकारणात मुरलेले. २००८च्या पुनर्रचनेत शहराचे उत्तर-दक्षिण असे तुकडे पडले आणि जुन्या पेठा उत्तरेत राहिल्या, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. २०१४ला सगळेच पक्ष वेगवेगळे लढले, त्यातही त्यांनी काँग्रेसच्या सत्यजित कदमांना हरवलं. शहरातल्या टोलविरोधातलं आंदोलन याच काळातलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे पुढे, मागे सर्वपक्षीय गाव, आणि जानेवारी २०१४मध्ये पेटलेले नाके. टोल गेला डिसेंबर २०१५ला. ते बघायला पानसरे नव्हते.

२०१९ला चंद्रकांत जाधव आले. उद्योजक, स्वतः फुटबॉल खेळलेले, पत्नी जयश्री भाजपच्या नगरसेविका, आणि हातात ऐनवेळी काँग्रेसचं तिकीट. ९१ हजारांवर मतं घेऊन त्यांनी क्षीरसागरांना १५,१९९ मतांनी हरवलं. डिसेंबर २०२१मध्ये त्यांचं निधन झालं आणि एप्रिल २०२२ला पोटनिवडणूक लागली. महाविकास आघाडीत जागा काँग्रेसची, म्हणून क्षीरसागरांना थांबावं लागलं. तीन दशकं या शहरात गाजलेला धनुष्यबाण मतदान यंत्रावर नव्हता. जयश्री जाधव अठरा हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. हरले सत्यजित कदम, यावेळी भाजपकडून. हरलो तर हिमालयात जाईन, असं भाजपचे चंद्रकांतदादा पाटील आधी बोलून बसले होते, त्यामुळे निकालाच्या दिवशी कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर बर्फच बर्फ पडला.

दोन महिन्यांनी सेना फुटली आणि क्षीरसागर एकनाथ शिंदेंबरोबर गेले. २०२४ची विधानसभा येईपर्यंत कदम शिंदेसेनेत आणि ऐन निवडणुकीत जयश्रीताईही तिथंच. पोटनिवडणुकीतली विजेती, पराभूत आणि थांबवलेला असे तिघे एकाच तंबूत!

काँग्रेसने आधी राजेश लाटकरांना उमेदवारी दिली. माजी नगरसेवकांनी सह्यांचं पत्र काढून विरोध केला, म्हणून ती काढून राजघराण्यातल्या मधुरिमाराजे छत्रपतींना दिली. लाटकरांनी अर्ज काही मागे घेतला नाही. ४ नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, अखेरच्या मिनिटांत मधुरिमाराजेंनीच अर्ज मागे घेतला. काँग्रेसच्या सतेज पाटलांचा तिथल्या तिथे उडालेला भडका राज्याने टीव्हीवर पाहिला. २०२२ला धनुष्यबाण नव्हता, आता हात नव्हता. काँग्रेसला अपक्ष लाटकरांचा प्रेशर कुकर घरोघरी सांगत फिरावं लागलं. तरीही लाटकरांना ८० हजारांवर मतं पडली, ती पंधरा दिवसांत आणि अनोळखी चिन्हावर. क्षीरसागर २९ हजारांहून अधिक मतांनी जिंकले, जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. माघारीचा गोंधळ झाला नसता तर निकाल उलटला असता का? मला नाही वाटत, पण पेठेत यावर अजून पैजा लागतात.

त्या माजी नगरसेवकांच्या पत्राकडे मात्र फारसं कुणी लक्ष दिलं नाही. महापालिकेची आधीची निवडणूक २०१५ला झाली होती. नोव्हेंबर २०२०पासून तिथं प्रशासक होता. तालीम आणि आमदार यांच्यामधली पायरी म्हणजे नगरसेवक, आणि तीच इतकी वर्षं रिकामी होती. पद नाही, निधी नाही, गटारीच्या तक्रारी मात्र त्यांच्याच दारात. हातात उरली ती एक सही, आणि ती वापरायची संधी त्यांना ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाली.